मापट्याची किल्ली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, रुग्णालयाच्या औषध विभागातून निवृत्त झालेली औषधनिर्माती, एका मुलाची आई आणि "मापटं" या मुक्त सॉफ्टवेअरची पहिली ओळ लिहिणारी बाई, माझे हे मृत्युपत्र माझ्याच हाताने, माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे.

माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी न थांबता दोनपर्यंत गेले आणि जाता जाता त्यांच्या टेबलावरच्या एका चिठ्ठीत मात्रा चुकली आहे हेही दाखवून दिले. हृदयाने मात्र मला नोटीस दिली आहे, आणि ती मी वाचली आहे.

माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायचा प्रयत्न झाला होता. त्याची हकीकत कलम सहामध्ये येईल.

माणसांची खरी नावे व पत्ते वकीलबाईंनी सोबतच्या पुरवणीत दिले आहेत. इथे मी ज्याला जशी हाक मारते तसेच लिहिले आहे. वकीलबाईंनी पहिला मसुदा वाचून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "मावशी, मृत्युपत्रात टोमणे घालत नाहीत हो." मी म्हटले, "मग ते वाचणार कोण?" तेव्हापासून त्या फक्त कायद्याच्या चुका काढतात.

कलम १. राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, माझ्या मुलाला द्यावे. पूर्ण आणि विनाअट. कलम सहा वाचल्यावर कोणाला वाटेल की मी त्याला घराबाहेर काढीन. तसे नाही. भांडण एका गोष्टीवरून आहे, मुलगा सगळ्या गोष्टींसाठी आहे. गॅलरीच्या दाराची कडी वर उचलून मग ओढावी लागते, हे त्याला ठाऊक आहे, पण तो नेहमी विसरतो.

कलम २. बँकेतली शिल्लक सूनबाईला. ती किती आहे हे तिने मला कधी विचारले नाही, म्हणून.

कलम ३. माझी हत्यारे. पितळी तराजू, त्याची वजनपेटी आणि चिनीमातीचा खल मी जिथे नोकरी केली त्या औषध विभागाला द्यावा. तिथल्या काचेच्या कपाटात सध्या नुसत्या ढाली आणि प्रशस्तिपत्रके आहेत. ती थोडी सरकवावीत. आमच्या ह्यांची डाग द्यायची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, आणि रेडिओ दुरुस्तीची पेटी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला (त्याची ओळख पुढच्या कलमात) द्यावी. ह्यांनी ती पेटी कोणाला हात लावू दिली नाही, मलाही नाही. पण ड्रायव्हर हत्यार वापरून झाल्यावर पुसून ठेवतो, हे मी पाहिले आहे. माझा जुना कॉम्प्युटर कोणालाही देऊ नये. त्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडतो आणि त्याने आयुष्यभर पुरेसे काम केले आहे.

कलम ४. आता मापटं म्हणजे काय ते लिहिते, कारण कोर्टातल्या माणसाला ते ठाऊक नसेल.

वॉर्डातून औषध विभागात चिठ्ठी यायची: मुलाचे वजन इतके, औषध अमुक, मात्रा काढून पाठवा. मी कागदावर गुणाकार-भागाकार करून मिलिलिटर लिहून द्यायची. दिवसातून शंभरदा तेच गणित केले की माणूस कधीतरी चुकणारच, आणि लहान मुलाच्या बाबतीत कधीतरी चुकून चालत नाही. म्हणून वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पुस्तकातून प्रोग्रॅमिंग शिकले. नवरा म्हणायचा, "आता हे नवीन काय काढलंस?" पण कॉम्प्युटर जोडून त्यानेच दिला. वजन टाका, औषध निवडा, मात्रा मिळवा. एवढेच मापटं करते.

तो प्रोग्रॅम मी इंटरनेटवर उघडा ठेवला. उघडा म्हणजे त्याचा कोड कोणीही वाचावा, वापरावा, बदलावा, आणि बदल बरा वाटला तर आम्हालाही पाठवावा. पहिली दोन वर्षे कोणी फिरकले नाही. मग एक पत्र आले, मग चार आली, मग पत्रांना उत्तरे देणे हेच निम्मे काम होऊन बसले. आजवर तीनशे बारा माणसांनी मापट्यात आपला हात लावला आहे. ज्याची दुरुस्ती स्वीकारली जाते त्याचे नाव आमच्या आभाराच्या पाटीवर चढते आणि सगळ्यांच्या सामाईक मेलिंग लिस्टवर एक शब्द जातो: "आभार." पगार नाही, मानधन नाही. या एका शब्दासाठी माणसे आठवडाभर बग शोधत बसलेली मी पाहिली आहेत.

यातली तिघे पुढे येतील, म्हणून त्यांची ओळख. पहिले पोस्टमास्तर. हे खरोखरच निवृत्त पोस्टमास्तर आहेत. नव्या माणसाच्या पहिल्या पत्राला एका दिवसात उत्तर गेलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. उत्तर "नाही" असले तरी त्यांना चालते, "पाहू" चालत नाही. दुसरा रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. प्रत्येक नवी आवृत्ती आधी त्याच्या गाडीतल्या काच तडकलेल्या टॅबवर चालवून बघतो आणि तीनच शब्दांत निकाल देतो: "बाई, नाही चालत." तिसरी सिस्टर, मुलांच्या वॉर्डातली परिचारिका. ती आमच्यात कशी आली, ते पुढच्या कलमात.

कलम ५. हे कलम लिहायला मला बारा वर्षे लागली.

आमच्यात एक माणूस आहे, त्याला सगळे तुसडा म्हणतात. त्यालाही ते माहीत आहे. व्यवसायाने वजनकाटे दुरुस्त करणारा. त्याला कोडातली चूक दिसते तशी माझ्या पाहण्यात कोणाला दिसली नाही, आणि ती सांगताना तो समोरच्याची सालपटे काढतो. एका नव्या मुलीने मोठ्या उत्साहाने आपले पहिले काम पाठवले, तर याने लिस्टवर सगळ्यांदेखत लिहिले, "यापेक्षा कोरा कागद बरा." ती परत आली नाही. तिचे मला अजून वाईट वाटते. तेव्हा मी नियम केला: ज्या पत्रात अपशब्द असेल ते न वाचता बंद करायचे आणि लिहिणाऱ्याला महिनाभर दाराबाहेर ठेवायचे.

आणखी एक नियम त्याआधीपासून होता, दुसऱ्या डोळ्यांचा. कोणताही बदल एकट्याने आत घ्यायचा नाही. दुसऱ्या कोणीतरी तो ओळ न ओळ वाचून "वाचले, मान्य" असे लिहिले पाहिजे. हा नियमही मीच केला होता. इतरांसाठी.

नेमके त्याच सुमारास एका सभ्य गृहस्थांचे पत्र आले. काय ती भाषा! माझ्यासारख्या माणसांमुळेच जगात चांगुलपणा टिकून आहे, असे तीन परिच्छेद. चौथ्यात एक छोटा बदल होता: परिचारिकांना दर वेळी वजन टाकायचा त्रास होतो, तेव्हा वजनाची जागा रिकामी राहिली तर मापट्याने आधीच्या मुलाचे वजन धरावे. मी हुरळून गेले. दुपारच्या चहाआधी मी एकटीने तो बदल आत घेतला आणि आवृत्ती सोडली.

दुसऱ्या दिवशी तुसड्याचे पत्र. पहिली ओळ: "हा गाढवपणा कोणी आत घेतला?" मला वाटले, बरा सापडला. पत्र बंद केले, त्याला महिनाभर बाहेर काढले, आणि त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते. दुसरी ओळ मी वाचलीच नाही.

दुसरी ओळ अशी होती: "रिकामी जागा रिकामीच राहिली पाहिजे, नाहीतर एका मुलाची मात्रा दुसऱ्याला जाईल."

एकोणीस दिवसांनी तेच घडायला निघाले. दुपारी पाळी बदलत होती, वॉर्डातला वजनकाटा दुसरीकडे नेला होता, म्हणून सिस्टरने वजनाची जागा रिकामी सोडली. तिच्यासमोर तीन किलोचे बाळ होते. पडद्यावर आकडा आला तो शेजारच्या खाटेवरच्या अकरा किलोच्या पोराचा. तिने सिरिंज भरली, हातातल्या सिरिंजकडे पाहिले, बाळाकडे पाहिले, आणि थांबली. एवढ्या जिवाला एवढे औषध? तिने औषध ओतून टाकले आणि तासभर वॉर्डातल्या सगळ्या मात्रा रोखून कागदावर नव्याने काढल्या. त्याबद्दल तिला कामात दिरंगाई केल्याचा मेमो मिळाला. आम्हाला तिने एवढेच कळवले: "तुमचं मापटं चुकतं. माझा त्याच्यावर विश्वास होता." आमच्या चुकांच्या जाहीर यादीत हा बग क्रमांक २१७ आहे.

ते पत्र वाचल्यावर मी बंद केलेले पत्र उघडले आणि दुसरी ओळ वाचली. उठून हात धुतले. परत बसले. मला लाज वाटली, आणि आज लिहितानाही वाटते आहे.

त्याच दिवशी मी बदल काढून टाकला, २१७ वर चूक करणारी म्हणून माझे नाव लिहिले, आणि सिस्टरच्या वरिष्ठांना दोन पानी पत्र पाठवून मेमो मागे घ्यायला लावला. तेव्हापासून सिस्टर आमच्यात आहे. तुसड्यावरची बंदीही उठवली. पण कोणाला काही न बोलता उठवली. त्याने आधी सांगितले होते, हे मी लिस्टवर कधीच लिहिले नाही. कारण साधे आहे: मला हरायचे नव्हते, आणि त्याच्याकडून तर मुळीच नाही. तो परत आला, त्यानेही विषय काढला नाही. गेल्या बारा वर्षांत त्याने चारशेहून जास्त दुरुस्त्या पाठवल्या. त्यांना "आभार" हा शब्द पोस्टमास्तरांनी लिहिला, सिस्टरने लिहिला. मी एकदाही लिहिला नाही.

कलम ६. गेल्या हिवाळ्यात माझा मुलगा एका कंपनीच्या माणसाला घरी घेऊन आला. टाय इतका घट्ट होता की मलाच गुदमरायला झाले. त्यांना मापटं हवे होते.

"मॅडम, पहिलं वर्ष सगळ्यांना फुकटच राहील," टायवाला म्हणाला.

"आणि चुकांची यादी?"

"ती आम्ही आत घेऊ. चुका अशा चव्हाट्यावर असणं ब्रँडला बरं नाही."

"आणि बाहेरच्या माणसाला चूक सापडली तर?"

"फॉर्म असेल ना. आमची टीम बघेल."

"पाहू म्हणेल," मी म्हटले. त्याला काही कळले नाही.

मुलगा मध्ये पडला. "आई, अगं करून टाक ना सही. किती वर्षं राबणार आहेस? ते लिस्टवरचे लोक तुझ्या डोक्यावर मिरे वाटतात."

"वाटू देत. बोलावलंय मीच त्यांना."

"आणि तुला काही झालं म्हणजे? कोण बघणार हे सगळं?"

हा प्रश्न बरोबर होता, आणि तो काळजीनेच विचारला होता, हे मी मान्य करते. पण आठवड्याभराने टायवाल्याचे आभाराचे पत्र आले आणि त्यातून कळले, की मुलाने "भावी वारस" म्हणून किल्ली देण्याचे कबूल करून आधीच सही ठोकली आहे. बाळा, मी गॅसवर दूध ठेवून उभी होते रे. निदान ते उतू जाईपर्यंत तरी थांबायचेस.

तर आता नीट ऐक, आणि कंपनीच्या वकिलांनीही ऐकावे. मापट्याचा कोड माझा नाही. तो तीनशे बारा जणांचा आहे आणि त्यांनी तो सगळ्यांना देऊन टाकला आहे. तो परत घ्यायचा अधिकार मला नाही, तर तुला कुठून येणार? माझ्या हातात फक्त दोनच गोष्टी होत्या. एक, मापटं हे नाव व त्याचे संकेतस्थळ. दुसरी, किल्ली. ही लोखंडाची किल्ली नव्हे, एक लांबलचक गुप्त संख्या आहे. तिने नव्या आवृत्तीवर मोहर उठते, आणि वॉर्डावॉर्डांतली यंत्रे ती मोहर पाहूनच आवृत्ती आत घेतात. जो किल्ली धरील त्याचे औषध मुलांच्या पोटात जाणार. ती मी अशा माणसाला देणार नाही, ज्याला चूक लपवायची सोय हवी आहे. मग तो माझ्या पोटचा का असेना.

कलम ७. त्या किल्लीची व्यवस्था.

मागच्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजता, याच टेबलावर जुनी किल्ली रद्द करण्यात आली. नवी किल्ली तीन भागांत केली आहे: एक सिस्टरकडे, एक पोस्टमास्तरांकडे, एक ड्रायव्हरकडे. तिघांपैकी दोघे एकत्र आल्याशिवाय मोहर उठत नाही. नाव आणि संकेतस्थळही त्या तिघांच्या नोंदणीकृत मंडळाच्या नावे करून दिले आहे. कागद वकीलबाईंकडे आहेत. माझ्याकडे एकही भाग नाही. मी मुद्दाम ठेवला नाही.

मग हे मृत्युपत्रात लिहायचे कशाला, असे वकीलबाईंनी विचारले. तर माझ्यामागे कोणी वारस म्हणून दंड थोपटून उभा राहिला, तर त्याच्या हातात हा कागद पडावा म्हणून. खुशाल कोर्टात जावे. माझी कपाटे उघडावीत, कॉम्प्युटर खोलावा, गाद्या उसवाव्यात. तुम्हाला हवे ते माझ्याकडे नाही, आणि मी जिवंत असतानाच ते माझ्याकडे नव्हते.

कलम ८. तिघांसाठी काही सांगणे. हुकूम समजलात तरी चालेल.

बग क्रमांक २१७ कधीही पुसू नये. नव्या माणसाला आधी तोच वाचायला द्यावा, माझ्या नावासकट. दुसऱ्या डोळ्यांच्या नियमातून कोणालाही सूट नाही. ज्याने नियम केला त्याला तर नाहीच नाही. गोड पत्र दोनदा वाचावे. कडू पत्र शेवटपर्यंत वाचावे. आधी मजकूर वाचायचा, मग राग मानायचा. लिहिणाऱ्याने नव्या माणसाचा अपमान केला असेल तर त्याचे कान जरूर उपटावेत, वेळ पडली तर बाहेरही काढावे, त्यात मी आजही तसूभर मागे सरत नाही. पण त्याने दाखवलेली चूक आत ठेवून फक्त त्याला बाहेर काढायचे, हे मी केले तसे करू नये.

कोणी थकून गेला तर जाऊ द्यावे. कारण विचारू नये, मागे लागू नये. नाव पाटीवर राहील. मी स्वतः दोनदा थकून गेले होते आणि दोन्ही वेळा कोणी फोन केला नाही म्हणूनच परत आले.

संकेतस्थळावर माझा फोटो लावू नये.

कलम ९. तुसड्याबद्दल.

पितळी तराजू खरे तर मी त्याला देणार होते. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. एकतर वस्तू नाहीतर साक्ष. बारा वर्षांहून जास्त ओळख, पण समोरासमोर भेट अशी नव्हती. मी त्याला बोलावले. तो दोन बस बदलून आला, दारात उभा राहूनच म्हणाला, "कडी ढिली आहे तुमची." मी दोन्ही पर्याय सांगितले.

"तराजू पन्नास पडलेत माझ्याकडे," तो म्हणाला. "कागद इकडे द्या, वाचू दे."

म्हणून तराजू औषध विभागाला गेला आणि हा साक्षीदार झाला. पुढील पत्र माझ्या मृत्यूनंतर सिस्टरने मेलिंग लिस्टवर सगळ्यांसमोर लावावे: "बग २१७ घडण्याआधी एका माणसाने तो ओळखला होता आणि मला कळवला होता. मी पहिल्या ओळीवर चिडून त्याचे पत्र न वाचता बंद केले. तो बरोबर होता. त्याचे नाव २१७ वर, माझ्या नावाच्या वर लिहावे. मला माफ करावे."

कलम १०. मुला, तुला हे वाचून राग येईल. येऊ दे. पण आधी शेवटपर्यंत वाच, मग रागाव. आणि कडी आधी वर उचल, मग ओढ.

हे सर्व मी समजून उमजून लिहिले आहे. कोणाला पटले नाही तरी मी यातली एक ओळ बदलणार नाही, चूक दाखवून दिली तर मात्र बदलीन.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: मंगळवार, १७ मार्च २०२६, दुपारी साडेतीन

लिहून ठेवणारीची सही

साक्षीदार पहिली, तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई: माझ्यासमोर सही केली. डोळ्यांत पाणी नव्हतं, चांगली खणखणीत होती. सही.

साक्षीदार दुसरा, वजनकाटे दुरुस्त करणारा: ओळ न ओळ वाचलं. दोन चुका आहेत. एक, कलम नऊमधलं पत्र मेल्यावर लावायचं म्हणजे शुद्ध भ्याडपणा आहे, आज लावा. दोन, कलम पाचमध्ये एकोणीस दिवस लिहिलेत. एकवीस होते. मी बाहेर बसून रोज मोजत होतो. बाकी मान्य. सही.

खाडाखोड करायची नाही, दुरुस्ती शेवटी लिहून सगळ्यांनी सही करायची, असे वकीलबाईंनी सांगितल्यावरून खाली लिहिते:

कलम पाचमध्ये एकोणीसऐवजी एकवीस वाचावे. कलम नऊमधले पत्र चार वाजून दहा मिनिटांनी मी स्वतः लिस्टवर पाठवले. ते कलम आता निकालात निघाले. दोन्ही दुरुस्त्या वाचल्या, मान्य.

आभार.

लिहून ठेवणारीची सही
दोन्ही साक्षीदारांच्या सह्या